आधी मुलूख ठरवा

मुळशी तालुक्यात, पौडच्या तहसील कचेरीसमोर भर दुपारी एका कॉलेजच्या पोराच्या पोटरीला कुत्रं चावलं. आम्ही कोणी कुत्र्यामागे धावलो, कोणी पाण्यासाठी, कोणी नुसतेच. बाबालाल तांबोळी तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी टाइपरायटरमधला अर्धा झालेला कागद काढला, कोरा चढवला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पोराला विचारलं, "राहणार कुटलं?"

पोरगं एका पायावर नाचत होतं. म्हणालं, "लवळ्याला. हॉस्टेलला."

"तो मुक्काम झाला. राहणार?"

"जळगाव."

"आन् कुत्रं?"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "कुत्रं उरवड्याचं हाय, चाचा. कारखान्याच्या टेम्पोतनं रोज येतं हितं."

चाचांचा चेहरा ईदचा चंद्र दिसल्यासारखा उजळला. "म्हंजे पाय जळगावचा, कुत्रं उरवड्याचं, दात लागला पौडात. आधी मुलूख ठरवा. आता साधा नियम काय सांगतो, की इजा जितं झाली तितला कायदा. पण..."

चाचांचा 'पण' एकदा सुटला की धरणाचं दार उघडल्यासारखा असतो. तो पोरगा ग्रामीण रुग्णालयात गेला, सगळी इंजेक्शनं घेतली, पदवी पास झाला, हिंजवडीला नोकरीला लागला, तरी चाचा तिसऱ्या अपवादावर होते. यात मी थोडं वाढवलं आहे हे कबूल करतो. नोकरी हिंजवडीला नव्हे, बाणेरला लागली.

मी मारुती. कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे आणि माझ्याच पायरीला टेकून चाचांचं टेबल. चाळीस वर्षं ते तिथे बसून अर्ज, भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रं लिहितात. सगळी कचेरी संगणकावर गेली, चाचा मात्र त्याच लोखंडी मराठी टाइपरायटरवर आहेत. त्याचा खडखडाट मुळशी धरणापर्यंत ऐकू जातो. चष्मा इतका जाड, की उन्हात ठेवला तर खालचा कागद पेटावा. त्यापायी एकदा एक पंचनामा जळाला अशी गावात वदंता आहे. ती मीच उठवली.

चाचा वकील नाहीत. पण त्यांना एका शास्त्राचं वेड आहे. माणूस जन्मतो एका देशात, लग्न करतो दुसऱ्यात, भांडतो तिसऱ्यात आणि त्याची जमीन मात्र असते मुळशीत. मग कोणाचं कोर्ट, आणि कायदा कोणाचा? शिवाय एका देशाच्या कोर्टाने दिलेला निकाल दुसऱ्या देशाने मानायचा की नाही? चाचा याला 'तीन कुलपं' म्हणतात. "पयलं, दावा कुटं चालायचा. दुसरं, कायदा कुणाचा लावायचा. तिसरं, निकाल आपुन मानायचा का. तिन्ही उघडली तर न्याय. एक जरी अडकलं तर वकिलाचा बंगला."

हे शास्त्र देशादेशांच्या भांडणांसाठी आहे. चाचा ते गावागावांच्या भांडणांना लावतात. उरवड्याच्या मुलीचं लग्न कोकणातल्या मुलाशी ठरलं आणि मांडवात वाद पेटला, की आधी कोणाच्या रीतीने काय करायचं. जेवणं खोळंबली. कोणीतरी चाचांना पुढे घातलं. चाचा शांतपणे म्हणाले, "सोपं हाय. विधी मांडव ज्या गावात हाय त्या गावचा. पण नवरा लग्नाच्या लायकीचा हाय का, ते नवऱ्याच्या गावच्या कायद्यानं बघायचं."

शास्त्रात हे अगदी असंच आहे. पण नवऱ्याच्या मामाने 'लायकी' एवढंच मनावर घेतलं. तो अजून मुळशीत पाऊल ठेवत नाही.

महाळुंग्याला इमारती उठायला लागल्या तेव्हा चाचांचा भाव वधारला. तिथल्या एका शेतकऱ्याचा अमेरिकेतला मुलगा आला, हातात तिकडच्या वकिलाने केलेलं मृत्युपत्र. तिकडे सगळं कायदेशीर झालंय म्हणाला. चाचांनी कागद उन्हाकडे धरला, वास घेतला, परत दिला. "तुमी अमेरिकेला गेला. जमीन गेली का?"

"जमीन कशी जाईल?"

"मंग जमीन जितं हाय तितलाच कायदा. माणूस पळतो, जमीन पळत न्हाई."

हे त्यांचं लाडकं वाक्य. आमच्याकडे ते आता म्हणीसारखं चालतं. बैल सुटला तरी लोक म्हणतात, जाऊ दे, जमीन तर पळत नाही.

पण चाचांचा खरा जीव जमिनीत नव्हता, 'राहणार' या रकान्यात होता. प्रतिज्ञापत्राच्या पहिल्याच ओळीत नाव, वय, धंदा आणि राहणार असतं. बाकी सगळे लिहिणारे आधार कार्ड बघून पत्ता उतरवतात. चाचा विचारतात. ते म्हणायचे, "नाव बापानं ठेवलेलं असतं. वय सरकारनं मांडलेलं असतं. राहणार तेवढं माणसाचं सवताचं असतं."

एकदा उरवड्याच्या कारखान्यातला एक कामगार आला. मूळचा उत्तर प्रदेशचा, अकरा वर्षं इथे. रहिवासाचा दाखला पाहिजे होता. चाचा आपल्या हिंदीत म्हणाले, "ऐसा है भाई, थक गया, भूक लगा, और मन में आया की घर जाना है. तो आँख के सामने कौनसा दरवाजा आता है?"

त्या माणसाने डोळे मिटून बघितलं. मग दबक्या आवाजात म्हणाला, "उरवडे." त्याचं त्यालाच नवल वाटलं. डोळे पुसून हसला. चाचांनी लिहिलं आणि म्हणाले, "झाला रे मुळशीकर."

ही चाचांची कसोटी होती. पत्ता विचारायचा नाही, दार विचारायचं. आणि जे उत्तर येईल तेच लिहायचं. दाखला अडला तरी, गिऱ्हाईक रागावून शेजारच्या टेबलावर गेलं तरी. त्यांच्या हातून खोटं प्रतिज्ञापत्र कधी गेलं नाही. हे वाक्य मी वाढवलेलं नाही.

चाचांना एकच मुलगी, रुबिना. लवळ्याच्या डोंगरावरच्या कॉलेजात शिकली. चाचा तिला रोज लुनावर सोडायचे. चढाला लुना दम टाकायची तेव्हा दोघं उतरून तिला ढकलत वर न्यायचे, म्हणजे शिक्षण रुबिनाचं आणि चढ तिघांचा. पुढे नोकरी, लग्न, कॅनडा. चाची वारल्या आणि चाचा एकटे पडले. एका मे महिन्यात रुबिना सहा वर्षांच्या झोयाला घेऊन आली, दोन बॅगा घेऊन. पदर खोचून घर झाडायला लागली तेव्हाच चाचा समजले. "या वेळी परत जायचं नाही, अब्बा," एवढंच ती म्हणाली.

झोयाला इथल्या शाळेत घातलं. शाळा सुटली की ती चाचांच्या टेबलाखाली येऊन बसायची. तीन महिन्यांत मराठी शिकली, तीही आमची. कचेरीतल्या शिपायाने हटकलं तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लई शाणा हायेस का?" शिपाई दोन दिवस रजेवर गेला. आणि तिचा आवडता खेळ कोणता? रद्दी कागदावर रंगीत खडूने प्रतिज्ञापत्रं करणं. शेळीसमोर उभी राहायची, "राहणार कुटलं?" विचारायची, आणि शेळी काही बोलली नाही तर स्वतःच लिहायची. पौडातल्या एकूण एक शेळीचं प्रतिज्ञापत्र झालेलं होतं. चाचा प्रत्येकावर शिक्का मारून द्यायचे. त्या काळात टाइपरायटरचा आवाजसुद्धा बदलला होता. तबल्यासारखा यायचा.

मग कागद आले.

जावयाने तिकडच्या कोर्टात दावा लावला होता आणि तिकडच्या कोर्टाने मुलीला परत आणा म्हणून हुकूम दिला होता. तो हुकूम घेऊन त्याचा वकील इथल्या हायकोर्टात आला. तीन कुलपं चाचांच्या स्वतःच्या दाराला लागली.

चाचांनी मला सगळं समजावून सांगितलं, मी तुम्हाला सांगतो. हेग नावाच्या गावी बऱ्याच देशांनी बसून एक करार केला आहे. आईने नाहीतर बापाने लेकरू एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेलं, तर ते जिथं नेहमी राहत होतं तिथं परत धाडायचं, भांडण तिथं मिटवायचं. आपल्या देशाची त्या करारावर सही नाही. त्यामुळे इथलं कोर्ट तिकडचा हुकूम बघतं, पण त्याने बांधलं जात नाही. लेकराचं भलं कशात आहे ते आधी बघतं. कचेरीसमोर मात्र अर्धे लोक हेग हा कोणी साहेब समजले. "हेगसायेब सही करत न्हाई का? करूच नका म्हणावं," असं चहावाला रोज सांगायचा.

म्हणजे झोया राहण्याची आशा होती, आणि चांगली होती. रुबिनाचा पुण्याचा वकील चाचांना म्हणाला, "तुमचं प्रतिज्ञापत्र लावू. मुलगी इथे रुळली, शाळा इथे, भाषा इथली. तिची कायमची राहणार पौड. तुमच्यासारख्या माणसाने लिहिलं तर वजन पडेल." तो मसुदाही देऊन गेला.

त्याच आठवड्यात ईद आली. मी चाचांकडे शीरखुर्मा खायला गेलो होतो. मी दोनच वाट्या खातो. तिसरी वाटी आग्रहाची, ती धरत नाहीत. झोया नवा फ्रॉक घालून चाचांच्या मांडीवर बसली होती. पोट भरलेलं, डोळे पेंगुळलेले. खाता खाता तिने विचारलं, "नाना, आपण घरी कधी जायचं?"

चाचा हसले. "घरीच तर हायेस की."

"हे न्हाई. घरी."

ती रडत नव्हती. हट्टही करत नव्हती. सहज विचारलं आणि पुन्हा वाटीत बघायला लागली. रुबिना उठून आत गेली. चाचांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं, त्यांचं पोट भरलं.

चार दिवसांनी दुपारी चाचांनी मसुदा समोर ठेवून टाइप करायला घेतला. नाव झालं, वय झालं. आणि खडखडाट थांबला. मी दुकानातून बघत होतो. चहा आला, त्यावर साय धरली, तरी थांबलेलाच.

मी बाहेर आलो. "काय अडलं, चाचा?"

त्यांनी बोट ठेवलं. सदर अज्ञान कुमारी झोया, राहणार. पुढे कोरं. अज्ञान म्हणजे वयात न आलेली, ही कचेरीची भाषा.

"लिवा की पौड."

"मारुती, त्या दिवशी हजर हुतास ना तू?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हणालो, "चाचा, सा वर्साचं लेकरू त्ये. पेंगत हुतं. आन् एक शब्दाचा तर सवाल. तुमी उठा, मी बडवतो मशीन."

"चाळीस वर्सं दुसऱ्यांना विचारतुया. दार कुटलं दिसतं म्हणून. त्या भय्यानं सांगितलं, ते लिवलं. आता माझ्या नातीनं सांगितलं." त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "न विचारता सांगितलं रे तिनं."

"कायदा तुमच्या बाजूनं हाय चाचा. त्या हेगवर सही न्हाई आपली."

"देशाची न्हाई. खाली माझी हाय." आणि त्यांनी कॅनडातल्या त्या गावाचं नाव टाइप केलं. एकेक अक्षर, मध्ये दम घेत. ती लुना चढावर घेत असे तसा. खाली मात्र लिहिलं, की आईवाचून ही मुलगी राहायची नाही, कोर्टाने पाठवलंच तर दोघींना मिळून पाठवावं, आणि तिथे आईला वेगळं घर द्यायला लावावं.

मला तीन झेरॉक्स काढायला दिल्या. मी मशीनची शाई कमी केली. इतक्या फिकट प्रती मी आयुष्यात काढल्या नव्हत्या, 'राहणार'च्या पुढचं तर भिंगातूनही दिसू नये. चाचांनी चष्म्याजवळ धरून बघितल्या आणि परत केल्या.

"ठळक काढ."

दुसऱ्या दिवशी रुबिना टेबलाशी आली. हातात त्यातलीच एक प्रत होती. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अब्बा, तुम्ही माझे अब्बा आहात का कोर्टाचे?"

ज्या माणसाचा 'पण' पुरा व्हायला पोरांच्या पदव्या होऊन जातात, त्याच्याकडे त्या दिवशी एकही 'पण' नव्हता.

कोर्टाने नुसत्या त्या कागदावर ठरवलं असं नाही. जजसाहेबांनी झोयाला खोलीत बोलावून तिच्याशी गप्पा मारल्या. त्यांनी तिला काय विचारलं देव जाणे. तिने मात्र त्यांना 'राहणार कुटलं' विचारलं असणार, याबद्दल मी पैज मारतो. निकाल लागला, की झोयाने परत जावं, आईने सोबत जावं, आईच्या वेगळ्या घराची सोय बापाने करावी, आणि ताब्याचं भांडण तिथल्या कोर्टात चालावं. दोघी गेल्या.

गाव चाचांना बोललं. नात स्वतःच्या हाताने घालवली म्हणालं. चहावाला आठवडाभर त्यांच्या टेबलावर कप आदळून ठेवायचा. रुबिनाने त्यांना फोन केला नाही, दोन वर्षं. पण झोयाचे फोटो अधूनमधून माझ्या मोबाइलवर यायचे. 'अब्बांना दाखवा' असं कधी लिहिलेलं नसायचं. मी रंगीत प्रिंट काढून टेबलावर ठेवायचो आणि उगीच दुकानात काहीतरी शोधायला जायचो. परत येईपर्यंत फोटो खिशात गेलेला असायचा.

आणि चाचांचं वेड वाढलं. पूर्वी ते फक्त माणसांना विचारायचे. झोया गेल्यावर कुत्र्यांचंही विचारायला लागले.

या उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी चाचांचा स्वतःचा मोबाइल वाजला. तो वाजतो हेच आम्हा दोघांना माहीत नव्हतं. पलीकडे रुबिना. चाचांना त्याचा आवाज कमी करायचं बटण कोणतं ते कळत नाही, त्यामुळे सगळ्या कचेरीने ऐकलं.

"अब्बा, झोयाला सुट्टीत महिनाभर पाठवायचंय. मीही येते. तिचा बाप तयार झालाय."

चाचा म्हणाले, "आन् परत न्हाई धाडली तर? त्येला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं ना. त्याचा वकील जामीन मागत होता. मग फाइलमधला तुमचा तो कागद निघाला. झोयाचा बाप म्हणाला, या माणसाने लिहून दिलं तर मला दुसरं काही नको." मग ती म्हणाली, "तुम्ही लिहून द्याल ना, अब्बा?"

"देतो," चाचा म्हणाले.

त्याच दुपारी लिहिलं. सदर अज्ञान कुमारी झोया, राहणार कॅनडा, तूर्त मुक्काम पौड, सुट्टी संपताच परत पाठवीन. या खेपेला मशीन कुठे अडलं नाही. मी न सांगता झेरॉक्स ठळक काढल्या.

मग आम्ही त्यांचं घर रंगवायला घेतलं. रंगारी लावा म्हटलं तर चाचा म्हणाले, त्याला कळायचं न्हाई. मला ते तेव्हा समजलं नाही. पुढच्या दोन खोल्या मी एका दिवसात उरकल्या. ब्रश असा फिरवला, की दोन पाली आणि एक कॅलेंडर पांढरं झालं. दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीत शिरलो. तिथे मी कधी गेलो नव्हतो. मोरीशेजारच्या भिंतीवर ब्रश टेकवणार, तोच चाचांनी माझं मनगट धरलं.

माझ्या गुडघ्याच्या जरा वर लाल खडूने लिहिलं होतं. झोया, वय सहा, धंदा शाळा, राहणार पौड.

मी वाकून दोनदा वाचलं. "चाचा, हे कवा लिवलं तिनं?"

"निघाली त्या सकाळी. गाडी दारात हुती. ही कुटं गेली म्हणून मी हुडकत आलो, तर हितं."

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मी म्हणून गेलो, "मंग तुमचं त्ये कोर्टातलं?"

"त्ये खरं हुतं. तवा." चाचा बाजूच्या पाटावर बसले. चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले, पुसतच राहिले. "ह्ये बी खरंच असंल रे. पण सही न्हाई त्याच्यावर. बिनसहीचा कागद मला धरता येत न्हाई."

"मंग पुसू का?"

चाचांनी कोपऱ्यातला खडूचा तुकडा उचलला आणि गुडघे धरत भिंतीशी बसले. तिच्या अक्षरांभोवती त्यांनी एक चौकट काढली, चांगली ऐसपैस, चार बोटं जागा सोडून. जमीन मोजणारा हद्द आखतो तशी, हात न हलवता.

"ह्या चौकटीच्या भायेर रंगव," ते म्हणाले. "एवढ्या मुलखात कुणाचाच कायदा लावायचा न्हाई."

मी बारीक ब्रश आणायला गेलो.